बोलीपुढं गेलेली गाडी

बाबा,

काल मी तुमच्या हातचं आर्मेचर कापलं. लाल गाडीच्या मोटरीतलं, तुम्ही तार भरलेलं शेवटचं. तुम्ही गेल्यापासून ती गाडी आईनं देवाच्या फळीखाली ठेवली होती आणि दर दिवाळीला तिच्यावर हळदकुंकूही वाहायची. मोटर भरायच्या धंद्यात पहिलं काम जुनी तार कापायचं, नवी भरायची नंतर, हे तुम्हीच मला शिकवलंत. लोकांच्या कितीतरी मोटरी मी अशा कापल्या, कधी काही वाटलं नाही. काल मात्र कटर हातात घेऊन बराच वेळ नुसती बसून होते. शेवटी कापली ती रागानं. तो राग कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं आहे. बिलापलीकडं माझं अक्षर कधी गेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मंडळाच्या पोरांनी यंदा तान्ह्या पोळ्याला तुमची खेळण्यातल्या गाड्यांच्या शर्यतीची पट्टी पुन्हा लावायचं ठरवलं आहे. समाजमंदिराच्या माळ्यावरून त्यांनी फळ्या खाली काढल्या, खाचेतली माती टोकरली, कडेची तांब्याची फीत नवी चिकटवली. एक जण दुकानात येऊन म्हणाला, "काकू, बाबाजीची लाल गाडी हाय ना तुमच्याकडं? तिच्याबिगर कसा पट होईन?" मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. गडचांदुरात अजून कोणीतरी तुमचं नाव काढतं, याचा मला अभिमान वाटला. तो अभिमान दोन दिवस टिकला.

या खेळापायी आईनं तुम्हाला किती बोलणी ऐकवली! सिमेंट कंपनीच्या कॉलनीतल्या एका साहेबाच्या पोराची गाडी दुरुस्तीला आली आणि तिथून सगळं सुरू झालं. ती गाडी मोकळी पळत नव्हती. तिच्या पोटाखालची खुंटी पट्टीतल्या खाचेत बसायची, आणि हातातला खटका दाबला की फितीतून तिला वीज मिळायची. तिची मोटर जळली होती. विहिरीवरच्या पंपांच्या मोटरी भरणारे तुमचे हात आणि ती सुपारीएवढी मोटर. तुम्ही ती भरून दिलीत, पण भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच. सावरीच्या लाकडाची बॉडी कोरली, तिला गेरूचा हात दिला, आणि वार्निश लावलेलं इवलंसं आर्मेचर सुकवायला थेट आईच्या गरम तव्याच्या कडेला. "पोळीले वास येते," आई ओरडायची. "साहेबाच्या पोट्ट्याचं खेळणं दुरुस्त करता करता माहा नवराच पोट्टा झाला." तुम्ही हसायचात आणि आर्मेचर चिमट्यानं उलटं करायचात, जसं काही ती भाकरीच होती.

शर्यत सरळ होती, वळणं नव्हती, बैलांच्या शंकरपटासारखीच दोन गाड्यांची जोडी. पण नियम तुम्ही साहेबाकडून ऐकलेला लावलात, आणि त्यावरून गावात चांगलीच करमणूक झाली. पळण्याआधी प्रत्येकानं आपली गाडी किती वेळात जाईल ते सगळ्यांसमोर बोलायचं. तिला आपण बोली म्हणायचो. ज्याची बोली जास्त वेळाची, त्याची सुटायची बत्ती आधी लागायची, म्हणजे दोघं खरे बोलले असतील तर गाड्या बरोबरीनंच पोचायच्या. पुढं पोचेल तो जिंकला. पण जो बोलीपेक्षा लवकर पोचला तो बाद. कोरपन्याचा एक म्हातारा बैलवाला हे ऐकून कपाळाला हात लावून बसला होता. "म्हंजे पुढं गेला तोच हारला? मास्तर, हे कोणत्या शाळेतलं गणित?" तुम्ही त्याला म्हणालात, "भाऊ, जोरात पळणारी गाडी कोनीबी बनवते. आपन बोललो तेवढीच पळणारी बनवाले अक्कल लागते."

आणि तशी गाडी बनवण्यासाठी तुम्ही काय काय केलंत! विजेच्या लाइनचा भरवसा नाही म्हणून पट्टीला ट्रॅक्टरची बॅटरी. चाकं पुसायला एकच फडकं, दुसऱ्या फडक्यानं पुसलं तर तुमचं डोकं फिरायचं. शिवणाच्या सुईच्या टोकावरून तेलाचा एक थेंब. मोटरीतले कार्बन झिजले की दोन्ही एकदम बदलायचे, एकच नाही. एक फेरी झाली की गाडी उलटी करून खिडकीत ठेवायची आणि मोटर गार झाल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी एकदा उतावळेपणानं उचलली, तर हातावर फटका बसला होता. "गरम मोटर खोटं बोलते," म्हणालात. मी रडले, आणि संध्याकाळी तुम्ही मला तुमचं लहान कटर देऊन टाकलंत, पिवळ्या मुठीचं. मुलींना लाकडी बैल मिळत नाही तान्ह्या पोळ्याला, हे घे, म्हणालात. काल तार त्यानंच कापली.

खटका भाऊच्या हातात असायचा. तुमचा मोठा मुलगा, दुकानात तुमच्या बरोबरीनं बसणारा. लोक त्याला गमतीनं धुरकरी म्हणायचे, पटात बैल हाकणाऱ्याला म्हणतात तसं. मला तो अजून दिसतो, पट्टीच्या तोंडाशी वाकलेला. गाडी खाचेत ठेवली की तो बोटानं मागचं चाक जरासं फिरवतो, थांबतो, पुन्हा थोडं फिरवतो, मग हात काढतो. आम्हाला वाटायचं त्याची ती खोड आहे, काही लोक बॅट आपटतात तशी. त्या शेवटच्या वर्षी तो ते फारच करत होता. पटाच्या दिवशी सकाळपासून तुमची गाडी बोलीला धरून पळत होती आणि आई पहिल्यांदाच समाजमंदिराच्या हॉलमध्ये येऊन बसली होती, पुढच्या रांगेत, पदर सावरून.

शेवटची फेरी राजुऱ्याच्या एका गॅरेजवाल्याबरोबर होती. त्या फेरीला गाडी तुम्ही स्वतः ठेवलीत. भाऊ हात पुढं करत होता, तुम्ही त्याला बाजूला केलंत. बत्ती लागली, गाडी सुटली, आणि सुटली ती अशी की मी टाळी वाजवली. बोलीपेक्षा लवकर पोचली. हॉलमध्ये एकदम ओरडा झाला. कोणीतरी म्हणालं, मास्तरच्या मोटरमध्येच गडबड दिसते. तुमच्यासमोरच्या लाइनीत ज्यानं नवं रिवाइंडिंगचं दुकान टाकलं होतं, तो मागं उभा होता आणि हसत होता. तुम्ही माइक घेतलात. "माह्या मोटरमध्ये दोष नाई. हा पोट्टा बत्तीच्या आधी खटका दाबून राह्यला. चोरटा हात हाय याचा. चोर हाय हा." आपलं घड्याळ बत्ती लागली की सुरू व्हायचं, त्यामुळं खटक्यावर बोट लवकर पडलं काय की मोटरच वेगळी पळाली काय, कोणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. सगळ्यांनी भाऊकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली. खटका पट्टीवर ठेवला आणि बाहेर गेला. बक्षिसाचं मोठं पातेलं, तो स्टीलचा गंज, राजुऱ्याला गेला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला ते पुन्हा लिहू द्या. आठ दिवसांत भाऊनं घर सोडलं. मुलचेऱ्याकडं गेला, धान काढायच्या मशीनवर. त्याच्या जागेवर तुम्ही मला बसवलंत. मला आनंद झाला होता, पोरीला कोण असं शिकवतं. तुम्ही काउंटरवर बसायचात, चष्म्याचा नंबर वाढला म्हणायचात, आणि बारीक तारेचं सगळं काम माझ्याकडं सरकवायचात. वर्षाच्या आत तुमच्या हातातली बशी वाजायला लागली. मग शर्टाचं बटण लागेना. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा कंपवात आहे, तो हळूहळू वाढतो. आईनं ते ऐकलंच नाही. तिच्या लेखी कारण ठरलेलं होतं. मुलगा असा टाकून गेला म्हणून बापाचे हात गेले. फोनवर तिनं भाऊला सांगितलं, "तुह्यापायी गेले त्याचे हात. आता काय तोंड घेऊन येतं?" मी शेजारी उभी होते. तुम्ही खाटेवर होतात, जागे होतात. तुम्ही काही बोलला नाहीत. मला तेव्हा वाटलं, दुःखानं तुम्हाला बोलवत नसेल.

तुम्ही गेलात तेव्हा भाऊ आला होता. रात्रभर बस बदलत आला आणि स्मशानात चिंचेखाली उभा राहिला. आईनं निरोप धाडला, ज्याच्यापायी हात गेले त्याच्या हातचा अग्नी नको. काकांच्या मुलानं अग्नी दिला. भाऊनं ऐकून घेतलं, टोपी काढली, तुमची चिता पेटेपर्यंत थांबला आणि पाणीही न पिता परत गेला. त्यानंतर तो या घराच्या उंबऱ्यावर आलेला नाही. आई आता अंथरुणाला खिळली आहे, बाबा. वरोऱ्याचे डॉक्टर घरीच सांभाळा म्हणाले, म्हणजे काय ते मला कळलं. शुद्ध चांगली आहे, जीभही. मागच्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणाली, "माह्या तोंडात त्याच्या हातचं पाणी पडू देऊ नको." मी तिचं डोकं मांडीवर घेऊन वेणी घातली.

तर आता लाल गाडी. पोरांनी नवं घड्याळ आणलं आहे. त्यात बत्तीचा आणि बोटाचा काही संबंध नाही. गाडीसमोर एक किरण असतो, गाडीनं तो कापला की घड्याळ सुरू. धुरकऱ्यानं एक झोप काढून खटका दाबला तरी गाडीची वेळ तीच यायला पाहिजे. मी तुमच्या रीतीनं सगळं केलं, एकच फडकं, सुईवरचा थेंब, खिडकीत गार करणं. गाडी पळवली. एक वेळ आली. पुन्हा पळवली, दुसरीच आली, चांगलीच कमी. मग पहिली. मग दुसरी. मधली कोणतीच नाही, या दोनच. पोरं म्हणाली, काकू, जुनी झाली. मी हसले, पण मला ते पटलं नाही. जुनी मोटर मंद होते, दोन तऱ्हांनी पळत नाही. घरी आणून मोटर उघडली आणि आर्मेचरच्या ज्या तीन दांड्यांवर तार गुंडाळतात, त्या तिन्हींना मीटर लावलं. दोन सारखे होते. तिसरा वेगळा.

तरीही मला वाटलं, आत कुठंतरी तार जळली असेल, इतकी वर्षं झाली. म्हणून कापली. वेढे मोजत सोडवले, पुन्हा मोजले. तार शाबूत होती, वार्निशही. तिसऱ्या दांड्यावर वेढे कमी भरले होते, आणि वरचे वेढे एकावर एक चढलेले, सैल, जसे मी पहिल्या महिन्यात भरायची तसे. तुम्ही ते पाहून माझ्या हातातून काढून घेतले असते. मोटर थांबताना कोणता दांडा पुढं येईल त्यावर गाडीची पहिली उडी ठरते. भरला दांडा आला की एक वेळ, रिकामा आला की दुसरी. भाऊ चाक का फिरवायचा ते मला त्या क्षणी कळलं, बाबा. तो बोटानं चाचपून तो वाईट दांडा बाजूला नेऊन ठेवायचा. तुमचे हात त्याच्या जाण्यानं गेले नव्हते. आधीच गेले होते.

आज दुपारी मी त्याला फोन लावला. मशीन बंद करायला त्याला थोडा वेळ लागला. मी म्हटलं, भाऊ, लाल गाडीचं आर्मेचर कापलं मी. एका दांड्याले वेढे कमी हायेत. तो म्हणाला, "कापाचं नोतं बाई. आता मायले काय दाखवशीन?" मला आधी त्याचा अर्थच लागला नाही. मग मी ओरडले. "तुले माहीत होतं?"

"मीच मीटर लावून दाखवलं होतं बाबाले. पटाच्या आदल्या दिवशी. मागच्या खोलीत."

"मंग?"

"मंग काय. बाबानं आपले हात पाह्यले. म्हणे, हे बाहेर गेलं तं उद्यापासून एक मोटर येनार नाई दुकानात. समोरचा बसलाच हाय टपून. गाडी चुकली तं तू म्हनजो, माहा हात लवकर पडला. म्या हाव म्हटलं. आपलंच दुकान व्हतं ना." तो पुढं म्हणाला, "गाडी मी ठेवतो म्हटलं होतं. बाबानं आयकलं नाई. लोकाईसमोर आपल्या हातानं ठेवाची होती त्याले."

मी विचारलं, मग घर काऊन सोडलं? ठरलंच होतं तर? भाऊ फार शांतपणे बोलतो हल्ली, मोठ्या मशीनजवळ राहून आवाजाला कंटाळल्यासारखा. "हात लवकर पडला, एवढंच ठरलं होतं, बाई. चोर म्हणाचं नोतं ठरलं. बाबा बोलीच्या पुढं गेला." आणि मग, मी रडते आहे हे कळून, माझीच समजूत घालत म्हणाला, "जाऊ दे. मी गेलो म्हणून वाढलंबी असंन. माय म्हणते ते समदंच खोटं नसंन. आन् सांगू कोनाले? दुकानावर तू बसत होती."

बाबा, मी त्या दुकानावर जगले. तुमच्या नावावर गिऱ्हाईक येत राहिलं, त्यातूनच तुमची औषधं झाली, आईची होत आहेत, माझ्या मुलीचं शिक्षण झालं. त्या 'चोर' शब्दाखाली मान घालून माझा भाऊ दुसऱ्याचं धान काढत राहिला. तुम्ही आजारी खाटेवर पडून सगळं ऐकत होतात. आई फोनवर त्याला बोलत होती तेव्हा तुमचे हात थरथरत होते, पण जीभ चांगली होती. एक वाक्य लागलं असतं. मी तुमच्यावर इतकी कधी रागावले नव्हते, आणि आता तुम्ही उत्तर द्यायला नाहीत. वर मला हेही माहीत आहे की मला तुमचे हात आवडायचे, कामाच्या वेळचे, तार अंगठ्याखाली धरून ओढणारे. त्याचं मी काय करू, ते सांगा.

आईला सांगायला हवं. दाखवायला आता काही उरलं नाही, ते मीच कापून टाकलं. माझ्या शब्दापेक्षा तिला तुमचा माइकवरचा शब्द मोठा वाटेल, हे मला माहीत आहे. भाऊ म्हणाला, सांगू नको, तिच्यापाशी आता तेवढंच हाय, बाबा शहाना व्हता एवढंच. पण ती अशीच गेली तर भाऊ पुन्हा चिंचेखाली उभा राहील. हे सगळं मला कळतं. मी फोन ठेवून आत गेले, तशी ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. जागीच होती. म्हणाली, "कोनाचा फोन होता व? एवढी काऊन ओरडत होती?"

मी तिच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हटलं, गिऱ्हाईकाचा. मोटर जळली म्हणे त्याची.